पर्थ ते सिडनी : आकाशातून आणि रस्त्यावरून

पर्थ आणि सिडनी ही ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम आणि पूर्व किनाऱ्यांवरची शहरे. त्यांच्यातले हवाई अंतर सुमारे ३,२९० किलोमीटर आहे. रस्त्याने तेच ३,९०० किलोमीटरच्या आसपास जाते. विमानाला ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइट या विस्तीर्ण उपसागरावरून सरळ जाता येते, गाडीला मात्र किनाऱ्याच्या कडेने वळसा घ्यावा लागतो.

पूर्वेकडे उडताना पश्चिमी वारे पाठीशी असतात, म्हणून सिडनीला चार तासांच्या आसपास पोहोचता येते. परतीला जवळपास तासभर जास्त लागतो. घड्याळ मात्र उलटा भास देते: सिडनी पर्थच्या दोन तास पुढे आहे आणि उन्हाळ्यात तीन तास.

खरी गंमत रस्त्यावर आहे. नॉर्समन ते सेडुना या सुमारे १,२०० किलोमीटरच्या टप्प्यात आयर महामार्ग नलारबॉरचे जवळजवळ वृक्षहीन पठार ओलांडतो. शोधप्रवासी एडवर्ड जॉन आयर १८४०-४१ मध्ये याच किनाऱ्याने गेला होता. महामार्गाचे डांबरीकरण पूर्ण व्हायला १९७६ साल उजाडले. बलाडोनिया आणि केगुना यांच्यामध्ये १४६.६ किलोमीटर एकही वळण नाही. काही ठिकाणी रस्त्यावरच धावपट्टीच्या खुणा रंगवलेल्या आहेत, कारण दुर्गम भागात वैद्यकीय मदत पोहोचवणाऱ्या फ्लाइंग डॉक्टर सेवेची विमाने गरज पडल्यास तिथेच उतरतात. पेट्रोल, पाणी, जेवण, मुक्काम, सगळे दूरदूरच्या रोडहाउसवर. तिन्हीसांजेनंतर कांगारू रस्त्यावर येतात, त्यामुळे जाणकार चालक अंधारात गाडी हाकत नाहीत. चाळीसेक तासांचे निव्वळ ड्रायव्हिंग म्हणूनच पाच-सहा दिवसांत वाटून घेणे शहाणपणाचे.