एलायझा : खूणशब्दांवर चालणारा संवाद

जोसेफ वायझेनबाऊम यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे घडवलेल्या आणि १९६६ मध्ये शोधनिबंधाद्वारे मांडलेल्या ‘एलायझा’ या आज्ञावलीला वाक्याचा अर्थ कळत नसे. तरीही मानसोपचारतज्ज्ञाच्या भूमिकेतील तिच्या उत्तरांमुळे आपले बोलणे कोणीतरी समजून घेत आहे, असे अनेकांना वाटले. तिचा सारा आधार संहितेवर, म्हणजे खूणशब्द आणि त्यांना जोडलेली उत्तरे यांच्या यादीवर होता. प्रत्येक खूणशब्दाला अग्रक्रम दिलेला असे, त्यामुळे एका वाक्यात अनेक खूणशब्द आले तर वरच्या क्रमाचा शब्द आधी विचारात घेतला जाई. वाक्य तपासतानाच सर्वनामे उलटवली जात; त्यानंतर विघटनाचा नियम वाक्याचे तुकडे पाडी आणि पुनर्रचनेचा नियम ते तुकडे नव्या साच्यात बसवी. मराठीत सांगायचे तर ‘मला माझ्या भावाची काळजी वाटते’ यावर ‘तुम्हाला तुमच्या भावाची काळजी का वाटते?’ असा प्रश्न तयार होई. खूणशब्द न सापडल्यास पूर्वी साठवलेले एखादे विधान पुन्हा काढले जाई, किंवा ‘पुढे बोला’ अशा अर्थाचे मोघम वाक्य दिले जाई. मानसोपचारतज्ज्ञाची निवड येथे फार मार्मिक ठरते, कारण त्या भूमिकेत बाहेरच्या जगाचे ज्ञान दाखवावे लागत नाही. मराठी संहितेत मात्र ‘पाऊस’ एवढाच खूणशब्द दिला तर ‘पावसात’ निसटतो, म्हणून सामान्यरूपेही स्वतंत्रपणे नोंदवावी लागतात.