चारही चाकांचे बळ कोणासाठी?

बेळगावच्या डॉक्टरांच्या वाट्याला दोन प्रकारचे रस्ते येतात. एक रस्ता शहरातला. खडेबाजार आणि गणपत गल्लीची गर्दी, टिळकवाडीतील रेल्वे फाटके, रुग्णालयाच्या दारात गाडी उभी करण्यासाठी शोधावी लागणारी वीतभर जागा. दुसरा रस्ता खानापूर तालुक्यातला. जांबोटी, कणकुंबीपर्यंत डांबरी सडक सोबत करते. परंतु भीमगडच्या अरण्यातील गवाळी, आमगाव, कृष्णापूर यांसारख्या गावांकडे वळले की तांबड्या मातीचा चिखल, चिऱ्याचे दगड आणि ओढे लागतात. पावसाळ्यात या भागातील रुग्णाला खांद्यावरून रस्त्यापर्यंत आणण्याची वेळ अजूनही येते. त्यामुळे शिबिरांना जाणारे व्यवसायबंधू वारंवार विचारतात, शहरात सोयीची, आडवाटेला न अडणारी आणि खिशाला झेपणारी लहान फोर-व्हील ड्राइव्ह गाडी कोणती घ्यावी?

औषधाचे नाव सांगण्यापूर्वी निदान करावे, हा आपला रिवाज येथेही पाळणे हिताचे आहे. सामान्य मोटारीत इंजिनाचे बळ दोनच चाकांना मिळते. त्या दोहोंमधील डिफरन्शियल वळणावर चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देतो. पण एक चाक चिखलात सापडले की तेच गरगर फिरते आणि दुसरे स्वस्थ राहते. फोर-व्हील ड्राइव्हमुळे हे बळ पुढच्या व मागच्या अशा दोन्ही आसांना पोहोचते. त्याला लो-रेंजची जोड असेल तर गाडी मंद गतीने, परंतु अधिक जोर लावून चढते आणि उतारावर इंजिनाच्या आवरानेच सावकाश उतरते. ज्यांची वाट डांबर संपल्यावर किलोमीटरभर खडबडीत पण कोरडी आहे, त्यांना पुरेसा ग्राउंड क्लीअरन्स, चांगले टायर आणि शांत हात एवढे पुरते. मोठा खर्च सार्थकी लागतो तो चिखल, चढ आणि सैल दगड नित्याचे असतील तरच.

या वर्गातील आपली जुनी ओळख म्हणजे १९८५ साली आलेली मारुती जिप्सी. २०१९ पर्यंत ती नवी मिळत असे. जुनी घ्यायची असल्यास चौकटीचा गंज आणि नोंदणीचे वय आधी पाहावे. १५ वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते. तिचा वारसा २०२३ मध्ये भारतात आलेल्या पाच दारांच्या जिमनीकडे गेला. दीड लिटरचे पेट्रोल इंजिन, लॅडर फ्रेम, लो-रेंज, २१० मिलिमीटर ग्राउंड क्लीअरन्स आणि सुमारे १,२०० किलो वजन, ही तिची अंगकाठी. हलकेपणा हा तिचा खरा गुण. कारण मऊ जमिनीत जड गाडी अधिक रुतते. रुंदी केवळ १,६४५ मिलिमीटर असल्याने गल्लीबोळांतही ती सुखाने वावरते. उणिवाही आहेत. बसायला चौघेच, आणि मागचे आसन उभे असताना सामानाला २०८ लिटर जागा. शिबिराची औषधांची खोकी मावायची तर आसन दुमडावे लागते.

महिंद्राची नवी थार २०२० मध्ये आली. तिचा ग्राउंड क्लीअरन्स २२६ मिलिमीटर असून डिझेल इंजिनाचा पर्याय मिळतो. मात्र ती सुमारे १.८ मीटर रुंद आणि बरीच जड आहे, आणि तीन दारांच्या प्रकारात मागे बसण्यासाठी पुढचे आसन सरकवावे लागते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. २०२३ पासून थारचा स्वस्त प्रकारही विकला जातो, पण त्यात बळ केवळ मागच्या चाकांना मिळते. रूप तेच, गुण तो नव्हे! ग्रँड विटारासारख्या काही गाड्यांत चारही चाकांना बळ मिळते, परंतु लो-रेंज नसते. निसरड्या घाटरस्त्याला त्या उत्तम, खोल चिखलाला नव्हेत.

परवडण्याचा हिशेब दुकानातील किमतीवर थांबत नाही. जिमनीची २०२३ मधील आरंभीची एक्स-शोरूम किंमत १२.७४ लाख होती. कर्नाटकात १० ते २० लाखांच्या मोटारीवर १७ टक्के आजीवन कर, त्यावर उपकर आणि शिवाय विमा. इंधनही साध्या मोटारीपेक्षा अधिक लागते. जिमनी व थार यांतील चारचाकी जोडणी कोरड्या डांबरावर वापरू नये. पुढच्या-मागच्या आसांची गती तेथे जुळत नाही आणि यंत्रणेवर ताण येतो.

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुन्या जिप्सीत आणि जुन्या जीपगाड्यांत मागे समोरासमोर आडवे बाक असत. सहलीला निघताना त्यांवर मुलांना दाटीवाटीने बसवण्याची हौस अनेक कुटुंबांना असते. धडक झाल्यास आडव्या बाकावरील मुलाला कसलाच आधार उरत नाही. मुलासाठी समोर तोंड असलेले आसन आणि पट्टा, व लहानग्यासाठी बालआसन हवेच. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानेही १४ वर्षांखालील मुलांसाठी हे बंधनकारक केले असून, मोडल्यास १,००० रुपये दंड आहे. थारला २०२० च्या ग्लोबल एनकॅप चाचणीत मुलांच्या सुरक्षिततेसाठी चार तारे मिळाले, ते समोर तोंड असलेल्या मागील आसनांच्या गाडीला, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा धोका धाडसाचा. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला पुढे नेते, थांबवत नाही. ब्रेक सर्वांचे सारखेच. थारसाठी सांगितलेली ६५० मिलिमीटर पाण्याची मर्यादा संथ पाण्याची आहे. वाहते पाणी फूटभर असले तरी लहान मोटार उचलू शकते आणि दोन फूट पाणी बहुतेक गाड्या वाहून नेते. आषाढातील फुगलेल्या ओढ्याशी पैज लावणारा डॉक्टर पलीकडच्या रुग्णाच्या उपयोगी पडत नाही. पाणी उतरण्याची वाट पाहणे किंवा अलीकडच्या काठावर रुग्णवाहिका उभी ठेवणे, हाच तेथील उपचार.

म्हणून माझे मत असे. वर्षातून दोनदा शिबिराला जाणाऱ्याने ही गाडी घेऊ नये. पंधरवड्याला अरण्यातील गावी जाणाऱ्याने अवश्य घ्यावी, आणि शहर व रान दोन्ही सांभाळायचे तर जिमनी अधिक सोयीची. सामान जास्त व चढ कठीण असल्यास थारची लो-रेंज असलेली फोर-व्हील ड्राइव्ह पाहावी. निवड करण्यापूर्वी ती आपल्याच गल्लीत वळवून आणि आपल्याच चिखलवाटेवर चालवून बघावी. आणि एकाला न परवडणारी गाडी चार-पाच सहकाऱ्यांनी मिळून शिबिरांसाठी ठेवली, तर ती वर्षभर अंगणात झाकून राहणार नाही; पावसाळ्यात जिथे वाट पाहणारे कोणी आहे, तिथवर खरोखर पोहोचेल.