ट्यूबलाइट सरळ दिसेपर्यंत

डेंटिंग-पेंटिंगच्या गॅरेजमधला जुना कारागीर गाडीचं दार समोरून बघत नाही. तो गुडघ्यांवर बसतो, मान तिरकी करतो आणि पत्र्यात पडलेली ट्यूबलाइट न्याहाळतो. ते प्रतिबिंब जिथे थरथरतं तिथे त्याचं बोट जातं, आणि पोचा नेमका तिथेच असतो. कॉन्सेप्ट कारचा प्रकल्प हाती घेणाऱ्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी अशा गॅरेजमध्ये तासभर बसायला सांगते. पुढे संगणकावर जे करायचं आहे त्याची परीक्षा तीच असते. फरक इतकाच, की तिथे पत्राही काल्पनिक आणि ट्यूबलाइटही.

पण सुरुवात पत्र्यापासून होत नाही, माणसापासून होते. समजा, पुण्याच्या पेठांमध्ये फिरणारी, चार माणसांची, विजेवरची छोटी गाडी करायची आहे. कागदावर पहिली खूण करायची ती चालकाच्या कमरेची. मांडी आणि धड जिथे जोडलं जातं त्या बिंदूला या व्यवसायात एच-पॉइंट म्हणतात. हा बिंदू जमिनीपासून किती उंच, यावर जवळजवळ सगळी गाडी ठरते. माणूस ताठ बसला तर पाय कमी पसरतात, म्हणजे लांबी वाचते, पण छत वर जातं. मारुती ८०० सुमारे 3.3 मीटर लांब आणि 1.4 मीटर उंच होती. टाटांची नॅनो तिच्यापेक्षा आखूड, सुमारे 3.1 मीटर, पण 1.65 मीटर उंच. तरीही नॅनोच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, ८०० पेक्षा जास्त, 2.23 मीटर होतं. इंजिन मागे नेलं, चाकं कोपऱ्यांत ढकलली, माणसांना ताठ बसवलं. तिचा चेहरामोहरा या निर्णयांतून आला. आपल्या गाडीत बॅटरी जमिनीखाली जाणार, म्हणजे तळ वर येणार, त्याबरोबर सीट, आणि सीटबरोबर छत. उंच गाडी लहान चाकांवर डळमळीत दिसते, म्हणून चाकं मोठी घ्यावी लागतात. एवढा हिशेब झाल्याशिवाय स्केचबुक उघडू नये, असं माझं ठाम मत आहे.

स्केचिंगबद्दल थोडक्यात सांगते, कारण त्याचा आनंद मुलांना आपोआप मिळतो. पन्नास-साठ चित्रं काढावीत, त्यातली बरीचशी बाजूने दिसणारी. फक्त एक जपावं. तिरक्या कोनातून काढलेलं चित्र खोटं बोलतं: चाकं फुगतात, छत चपटं होतं, काच जवळजवळ आडवी होते. त्यामुळे आवडलेलं चित्र एच-पॉइंटच्या आकृतीवर ठेवून बाजूने, समोरून, मागून आणि वरून असं पुन्हा मापात काढायचं. चालकाचं डोकं छताबाहेर येतंय हे बहुतेकांना इथे कळतं.

ही चार चित्रं सॉफ्टवेअरमध्ये खऱ्या मिलिमीटरमध्ये लावली, की मॉडेलिंग सुरू. इथे दोन वाटा आहेत. ब्लेंडरसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये चौकोनांची जाळी विणतात आणि संगणक ती जाळी पुन्हा पुन्हा विभागून गुळगुळीत करतो. त्याची सर्वपरिचित पद्धत एडविन कॅटमुल आणि जिम क्लार्क यांनी 1978 मध्ये मांडली. कल्पना लवकर उभी करायला ही वाट उत्तम. दुसरी वाट एलियस किंवा ऱ्हायनो या सॉफ्टवेअरची. तिथे पृष्ठभाग गणिती वक्रांपासून बनतो, आणि मोटार कंपन्यांमध्ये बाहेरच्या पत्र्याचं अंतिम काम याच वाटेने होतं. विद्यार्थ्याने पहिल्या वाटेने आठवडाभर चाचपडावं आणि मग दुसरीवर यावं.

या वक्रांचा जन्मच मोटारीच्या कारखान्यात झाला. त्याआधी जहाजं बांधणारे लवचीक लाकडी पट्टी वजनं ठेवून हवी तशी वाकवत आणि तिच्या कडेने रेघ मारत. 1959 च्या सुमारास सित्रोएनमध्ये पॉल द कास्टेलजो यांनी अशा रेषेचं गणित बांधलं. कंपनीने ते गुपित ठेवलं. तिकडे रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तेच साधलं आणि प्रसिद्ध केलं, म्हणून जग त्याला बेझिए वक्र म्हणतं. चार बिंदू घ्या. वक्र पहिल्यातून निघतो आणि चौथ्यात संपतो. निघताना तो दुसऱ्याकडे तोंड करून निघतो, पोचताना तिसऱ्याच्या दिशेकडून येतो. मधल्या दोघांना तो सहसा शिवत नाही, ते त्याला नुसते ओढतात. वक्राचा मध्य हवा असेल तर लगतच्या बिंदूंमधले मध्य काढा, मग त्या तीन मध्यांमधले मध्य, मग उरलेल्या दोघांमधला मध्य. तो बिंदू बरोबर वक्रावर असतो. हे कागदावर पट्टी-पेन्सिलीने करून पाहावं. मग स्क्रीनवरचा बिंदू ओढल्यावर काय होतंय ते हाताला कळू लागतं.

यातून पहिला नियम निघतो: बिंदू कमीत कमी ठेवा. बॉनेट जमत नाही म्हटल्यावर मुलं बिंदू वाढवतात, आणि प्रत्येक जादा बिंदू आपला बारीकसा हेलकावा घेऊन येतो. चार-पाच बिंदूंची रेषा तणावात धरलेल्या तारेसारखी असते.

दुसरी गोष्ट जोडाची, आणि सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. दोन पृष्ठभाग नुसते चिकटले तर कड दिसते. त्यांची दिशा जुळली तर कड जाते, आणि विद्यार्थ्याला वाटतं काम झालं. पण सरळ रेषेला कंपासने काढलेला गोल कोपरा जोडून बघा. दिशा जुळलेली असते, वक्रता मात्र शून्यावरून एकदम उडी मारते. रेल्वेचा रूळ म्हणूनच सरळ मार्गावरून थेट वर्तुळात शिरत नाही. मध्ये हळूहळू आवळत जाणारं वळण टाकतात, नाहीतर डब्यातल्या माणसाला हिसका बसेल. पत्र्यावर हाच हिसका डोळ्याला बसतो. सॉफ्टवेअरमध्ये झेब्र्यासारखे पट्टे प्रतिबिंबित करायची सोय असते. नुसता स्पर्श असेल तर पट्टे जोडावर तुटतात. दिशा जुळली असेल तर पट्टे भेटतात पण मोडतात. वक्रताही जुळली असेल तर जोड कुठे आहे हेच सापडत नाही. गॅरेजमधली ट्यूबलाइट ती हीच.

कामाचा क्रमही महत्त्वाचा. आधी मोठे पृष्ठभाग: बॉनेट, छत, दारांची बाजू. ते एकमेकांना छेदून पुढे जातील इतके लांब करायचे, छेदरेषा मनासारखी आली की जादा भाग कापायचा आणि मगच कोपरा गोल करायचा. दाराची फट, दिवे, हँडल शेवटी. गाडी अर्धीच घडवतात, उरलेली आरशासारखी उलटवून मिळते. पण मधल्या रेषेवर पृष्ठभाग त्या आरशाच्या प्रतलाला काटकोनात पोचला पाहिजे. नाहीतर दोन अर्धे जुळवल्यावर बॉनेटच्या मधोमध टोपीच्या घडीसारखी धार उभी राहते.

इतकं करूनही स्क्रीनवर विश्वास टाकू नये. 1938 ची ब्युइक वाय-जॉब ही पहिली कॉन्सेप्ट कार मानली जाते. ती घडवून घेणारे जनरल मोटर्सचे हार्ले अर्ल मातीच्या मॉडेलांवर भर देत, आणि आजही कंपन्या पूर्ण आकाराचं क्लेचं मॉडेल करून त्यावर चमकदार फिल्म चढवतात. विद्यार्थ्याला ते परवडत नाही. म्हणून मॉडेल छोटं: आपली गाडी नॅनोएवढी लांब धरली, तर 1:10 प्रमाणात ती 31 सेंटिमीटर भरते. कॉलेजच्या थ्रीडी प्रिंटरवर ती दोन तुकड्यांत निघते. तुकडे चिकटवायचे, लांबी भरायची, पॉलिश पेपरने घासायचं आणि काळा चकचकीत रंग मारायचा. पांढरा रंग चुका झाकतो.

मग ते मॉडेल हातावर घेऊन ट्यूबलाइटखाली जायचं आणि डोळे त्याच्या खांद्याच्या पातळीला आणायचे. उजेडाची रेघ पुढच्या दिव्यापासून निघते, दारांवरून छान सरकते आणि मागच्या चाकावर किंचित डगमगते. तिथे पेन्सिलीने फुली मारायची, जागेवर परतायचं, फाइल उघडायची आणि त्या चाकावरचा एकच बिंदू दोन मिलिमीटर खाली घ्यायचा.