सर्व्हर निवांत, फाइली अडकलेल्या

तास सुरू होतो, लॅबमधले सगळे विद्यार्थी एकदम लॉगिन करतात आणि पडदे गोठतात. माउस फिरतो, फोल्डर काही उघडत नाही. सर्व्हरवर पाहावं तर लोडचा आकडा चढलेला आणि प्रोसेसर जवळजवळ रिकामा. मग कुणीतरी रॅम वाढवायला सांगतं. पैसे जातात, गोठणं राहतं.

लिनक्सच्या लोडमध्ये राबणाऱ्या प्रोसेसबरोबर डिस्कच्या उत्तरासाठी ताटकळणाऱ्याही मोजल्या जातात. 'टॉप' कमांडमध्ये त्यांच्यापुढे 'डी' हे अक्षर दिसतं. तेव्हा आकडा चढला तो कामामुळे नव्हे, खोळंब्यामुळे. शोधायचं ते एवढंच, की खोळंबा नेमका कुठे आहे.

नेटवर्कवरून फाइली वाटून घेण्याची एनएफएस ही पद्धत सन मायक्रोसिस्टिम्सने 1984 मध्ये आणली. लिनक्सच्या एनएफएस सर्व्हरवर मागण्या हाताळणारे थ्रेड वर्षानुवर्षे मुळात आठच असत. आठही डिस्कपाशी अडकले की नववी मागणी बाहेर उभी. थ्रेड 64 करा, हा सल्ला लगेच मिळतो आणि कधीकधी लागूही पडतो. पण मिनिटाला 7200 फेऱ्यांची डिस्क विखुरलेल्या जागांवरून सेकंदाला साधारण शंभरच मागण्या पुरवते. तीच दमली असेल तर थ्रेड वाढवून रांग फक्त दारातून आत येते.

रांगेचं गणितही फसवं आहे. एकच काउंटर आणि बेभरवशाने येणारी माणसं, असा साधा हिशेब धरला तर काउंटर निम्मा वेळ व्यग्र असताना माणसाचा एकूण वेळ कामाच्या दुप्पट होतो. 90 टक्के व्यग्र असताना दहापट, 95 टक्क्यांना वीसपट. म्हणून काल सुरळीत चाललेली लॅब आज दोन-चार विद्यार्थी वाढताच बसते.

त्यात पुन्हा मागण्याची भर. जुन्या एनएफएसमध्ये यूडीपीवरून पाठवलेला 8 किलोबाइटचा तुकडा इथरनेटवर सहा पाकिटांत फुटे. एक हरवलं की सहाही पुन्हा पाठवायची, आणि तीही ऐन गर्दीत. अशाच पुनरावृत्तीने ऑक्टोबर 1986 मध्ये बर्कलीतली प्रयोगशाळा आणि तिथलंच विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला 32 हजार बिटांवरून 40 बिटांवर आला होता. अंतर जेमतेम चारशे यार्ड! त्यातून व्हॅन जेकबसन यांनी टीसीपीला गर्दी पाहून हात आखडता घ्यायला शिकवलं. 1988 मधला त्यांचा निबंध आजही वाचनीय आहे.

टीसीपीलाही एक खोड आहे, आणि मला सगळ्यात गमतीची तीच वाटते. अनेक सर्व्हरांवर विखुरलेली फाइल एका यंत्राने मागितली की सगळे एकदम उत्तर देतात. स्विचच्या त्या एका पोर्टची साठवण भरते आणि पाकिटं गळतात. एखाद्या उत्तराचं शेपूटच गळालं तर मागून काही येत नाही, त्यामुळे हरवल्याचं पाठवणाऱ्याला कळत नाही. तो घड्याळ लावून बसतो, किमान 200 मिलिसेकंद. स्थानिक नेटवर्कवर पाकिटाची जा-ये मिलिसेकंदाच्याही आत होते. म्हणजे शेकडो फेऱ्यांचा वेळ तार मोकळी आणि सगळे स्वस्थ! याला 'इनकास्ट' म्हणतात. कार्नेगी मेलनच्या संशोधकांनी 2009 मध्ये मायक्रोसेकंदांत मोजणारं घड्याळ हा उपाय मांडला.

प्रत्यक्ष तपासात 'एनएफएसआयओस्टॅट' ही कमांड मोठं काम करते. मागणी पाठवल्यापासून उत्तर येईपर्यंतचा वेळ ती वेगळा दाखवते आणि क्लायंटमधली रांग धरून झालेला वेळ वेगळा. दुसरा पहिल्याहून फार मोठा असेल तर सर्व्हरला बोल लावण्याआधी क्लायंट तपासा. दोन्ही मोठे असतील तर सर्व्हरच्या डिस्कचा प्रतीक्षाकाळ आणि स्विचच्या पोर्टवर गळालेली पाकिटं पाहा.

एक मोह मात्र टाळावा. गोठणं नको म्हणून काहीजण 'सॉफ्ट' माउंट करतात. मग ठरावीक वेळाने क्लायंट नाद सोडतो आणि प्रोग्रामला चूक कळवतो. बरेच प्रोग्राम ती बघतही नाहीत, आणि फाइल अर्धवट लिहिलेली राहते. 'हार्ड' माउंट 'सर्व्हर उत्तर देत नाही, प्रयत्न चालू आहे' असं सांगत छळतो खरा, पण सर्व्हर परतला की लिहिणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू होतं.