चाळीस मिनिटांचा हंगाम

अमेरिकेत कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएए या संस्थेच्या तिसऱ्या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळत नाही. तरीही तिथल्या एखाद्या छोट्या कॉलेजचा अमेरिकन फुटबॉल संघ सप्टेंबर ते नोव्हेंबर साधारण 10 सामने खेळतो. पहिल्या शनिवारी सपाटून मार खाल्ला, तरी पुढचा शनिवार असतोच. आपल्याकडे दहिवडी, वडूज, आटपाडी किंवा जतच्या महाविद्यालयाचा कबड्डी संघ शिवाजी विद्यापीठाच्या विभागीय स्पर्धेत उतरतो तो बाद पद्धतीत. 20-20 मिनिटांची दोन सत्रे, मध्ये 5 मिनिटांची विश्रांती. हरलात की पिशव्या उचलायच्या आणि एसटी स्टँड गाठायचा. यात कुणाच्या जिद्दीचा प्रश्न नाही, ही नुसती वजाबाकी आहे. 16 संघ असले तर पहिल्या फेरीत 8 घरी जाणारच. तीन वर्षांच्या पदवीत तिन्ही वेळा पहिल्या फेरीत हरलेला मुलगा कॉलेजकडून विभागीय स्पर्धेत एकूण 120 मिनिटे खेळलेला असतो. माणदेशातल्या बाजरीलाही याहून मोठा हंगाम मिळतो.

या पद्धतीत सर्वांत जास्त मार बसतो तो बचावाला. चढाई एकट्याची असते. 30 सेकंद, एक दम, पायात चपळाई. गावच्या मंडळात तयार झालेला चढाईपटू कॉलेजची जर्सी घालूनही तेच करतो. पकडीचे तसे नाही. चढाईपटूने निदानरेषा ओलांडून बोनससाठी एक पाय पुढे टाकला की कोपरारक्षक त्याच्या घोट्यावर झेपावतो. त्याच क्षणी शेजारच्याने मध्यरेषेकडची वाट अडवली पाहिजे. तो अर्धे पाऊल आधी सरकला तर चढाईपटू सावध होऊन मागे फिरतो. अर्धे पाऊल उशीर झाला तर तो कोपरारक्षकाला ओढत मध्यरेषा गाठतो. दोघांनी हात धरून केलेल्या रचनेला साखळी म्हणतात. तो हात नेमका कधी सोडायचा, हे सरावात पुरते शिकता येत नाही, कारण सरावात समोर आपलाच गडी असतो आणि त्याची खोड सगळ्यांना ठाऊक असते. परक्या चढाईपटूशी गाठ पडावी लागते, फसावे लागते आणि चार दिवसांनी पुन्हा तीच वेळ यावी लागते. म्हणजे बचावातली साखळी घडायला स्पर्धेतली साखळी हवी. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामात 12 संघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला साखळीचे 22 सामने आले. तिथे जुळलेल्या पकडी पाहून आपण वाहवा करतो, ते 22 सामने मात्र विसरतो.

यावर कुणी म्हणेल, मुले यात्रेतल्या आणि मंडळांच्या स्पर्धांत खेळतातच की. खेळतात, पण आपापल्या मंडळाकडून. कॉलेजचा डावा कोपरा एका गावचा आणि त्याच्या शेजारचा मध्यरक्षक दुसऱ्या गावचा; त्या दोघांची जोडी मंडळ जुळवून देत नाही. शिवाय मुलींच्या वाट्याला असे सामने फारच कमी येतात.

खर्चाचा आक्षेप अधिक वजनदार आहे. तो कागदावर मांडून पाहावा. 16 संघांच्या बाद स्पर्धेला 15 सामने लागतात. चार-चारचे चार गट केले तर साखळीचे 24, उपांत्य 2 आणि अंतिम 1, असे 27 होतात. वाढले ते 12 सामने. एका सामन्याला तास धरला तर दोन मैदानांवर सहा तासांचे काम. माण-खटावचा गट दहिवडीतच खेळवला तर मुक्कामही नको, मुले संध्याकाळच्या एसटीने घरी. परीक्षांची अडचण तर आजच्या वेळापत्रकातही आहेच. ती दोन दिवसांनी वाढते म्हणून साखळी नको, हे काही पटत नाही.

उरला एकतर्फी सामन्यांचा मुद्दा. दुबळा संघ तीनदा हरवून घ्यायचा कशाला? पण दुबळ्या संघाचे मैदानावर बराच वेळ तीनच गडी उरलेले असतात, आणि तीन किंवा त्याहून कमी गड्यांनी केलेल्या पकडीला, म्हणजे अव्वल पकडीला, नियमानेच एक गुण जास्त मिळतो. पहिल्या सामन्यात त्या तिघांची पकड चार वेळा सुटली, तर दुसऱ्यात एकदा तरी बसते की नाही, हे पाहायला दुसरा सामना तर व्हायला हवा.