जुन्या लुगड्यांचा दुष्काळ

पांढुर्ण्याचं नाव वर्तमानपत्रांत वर्षातून एकदा ठळक येतं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव, आणि मग दगडफेकीची गोटमार. संपादकांनाही तेच हवं होतं. मी भर उन्हाळ्यात गेलो, कारण नागपुरात एका घरी दिवाणावर पसरलेली गोधडी पाहिली होती आणि ती शेजारच्या सौंसरच्या माहेराहून आली असं कळलं होतं. चौकटीत चौकट अशी तिची शिवण आत आत जात होती. ती कुठून सुरू झाली आणि कुठे संपली, एवढंच मला पाहायचं होतं.

या मुलखाचा कागदोपत्री इतिहास थोडक्यात असा. 1956 पर्यंत नागपूर ही जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि सौंसर-पांढुर्णा तिच्या अंगणात. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला, छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. 2023 साली छिंदवाड्यातून हे दोन तालुके वेगळे काढून पांढुर्णा जिल्हा झाला. शाळेत, कचेरीत हिंदी. चुलीपाशी वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी. जमीन कापसाची आणि संत्र्याची. सौंसरला हातमाग होते, आणि नागपूरची एम्प्रेस मिल तर 1877 सालची. म्हणजे सुती कापड इथल्या अंगावर पिढ्यान् पिढ्या होतं. गोधडीची खरी पूर्वपीठिका हीच.

सौंसरच्या एका गल्लीत ओसरीवर एक आजी गोधडी घालून बसल्या होत्या. ‘घालणं’ हाच इथला शब्द. कापूस वेचून झाला, पाऊस अजून लांब आहे, ऊन कडक आहे. गोधडीचा हंगाम हाच. जमीन सारवलेली, त्यावर जुन्या धोतराचं अस्तर ताणून अंथरलेलं, चार कोपऱ्यांवर चार दगड. अस्तरावर फाटक्या कपड्यांचे थर आणि सगळ्यात वर लुगडं.

नऊवारी लुगड्याचं गणित गोधडीला इतकं चपखल बसतं की दोन्ही एकाच डोक्यातून निघाली असावीत असं वाटतं. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. त्याचे चार तुकडे केले की प्रत्येक तुकडा दोन मीटरांहून थोडा जास्त, माणसाच्या उंचीला पुरेल एवढा. पन्हा साधारण सव्वा वार, एका माणसाच्या पांघरुणाला पुरेसा. एका लुगड्याचे चार थर झाले, आणि काठ कुठे लावायचा ते बाईच्या हौसेवर. जिथे कापड विरलं असेल तिथे आतल्या थरात चिंधी सरकवायची. वाया काहीच जात नाही. बाळासाठी दुपटं करायचं तर त्यातलंही सर्वांत मऊ कापड निवडतात.

आता शिवण. शहरात हौसेनं क्विल्ट शिवणारे मधून सुरुवात करून बाहेर जातात. थरांतला झोळ कडेला ढकलून काढून टाकायचा, ही त्यामागची रीत. आजींची रीत नेमकी उलटी. आधी लांब कच्च्या टाक्यांनी थर एकमेकांना धरवायचे. मग चारी कडा आत दुमडून पहिला फेरा काठाकाठानं. दुसरा फेरा त्याच्या आत, तिसरा त्याच्या आत, आणि शेवटचा टाका मध्यभागी. असं केलं की झोळ मधे साठणार हे उघड आहे. मी तसं विचारलंही.

आजींनी वर न बघता उत्तर दिलं, “कड सुटली तं गोधडी सुटली, बापा. मधला झोळ हातानं जिरवता येते.”

तो जिरवणं हीच सारी कारागिरी. डाव्या हाताचा तळवा थरांवरून फिरतो, कापड किंचित गोळा करतो, आणि सुई तेवढं जास्तीचं कापड पुढच्या तीन-चार टाक्यांत वाटून घेते. एका टाक्यात घेतलं तर चुणी पडेल. चारांत वाटलं तर दिसतही नाही. प्रत्येक फेऱ्यात थोडं थोडं जिरवत मध्यापाशी पोचेपर्यंत झोळ उरलेला नसतो. त्याच्या जागी सबंध गोधडीभर बारीक लहरी उठलेल्या असतात. त्या लहरींच्या पोटात हवा अडकते, आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या थंडीत ऊब देते ती हीच हवा. जुनी कडही फाटकीच असते, म्हणून ती आधी बांधायची. आणि बाई स्वतः कापडावर बसून आत सरकत जाते, म्हणून कापड ताणायला लाकडी चौकट लागत नाही.

दोन मीटर बाय एक मीटर वीसची गोधडी, फेऱ्यांत दोन सेंटिमीटर अंतर धरलं तर शिवणीची एकूण लांबी एकशे वीस मीटर होते. सेंटिमीटरला एक टाका धरा, बारा हजार टाके. आजींच्या फेऱ्यांतलं अंतर त्याहून कमी होतं.

सुताला एवढा टाका लागतो, त्याला कारण आहे. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. गरम पाणी, साबण आणि चोळणं मिळालं की ते एकमेकांत अडकतात आणि सुई न लावता घट्ट थर तयार होतो. बुरणूस असाच होतो. सुताला खवले नाहीत. थर कितीही दाबा, एकमेकांना धरणार नाहीत. त्यांना धरून ठेवतो फक्त दोरा.

इथपर्यंत सगळं मोहून टाकणारं आहे. पण आजींच्या शेजारी दुसरं एक गाठोडं होतं, सुनेच्या जुन्या साड्यांचं. रंग अजून झगझगीत, एकही विरलेली नाही.

“हे पालिस्टर,” त्या म्हणाल्या. “फाटतही नाही अन् मुरतही नाही. सुई सरकते, पण थर धरत नाही. अंगाले लागलं का घाम फुटते.”

अडचण इथे आहे, आणि ती बाकीच्या सगळ्या अडचणींच्या आधी येते. गोधडीचा कच्चा माल बाजारात मिळत नाही. तो कुणाच्या तरी अंगावर तयार व्हावा लागतो. नव्या कापडातली खळ धुऊन जावी लागते, सैल तंतू झडावे लागतात, सूत पातळ होऊन मऊ पडावं लागतं. ही प्रक्रिया पाच-दहा वर्षं धुण्याच्या दगडावर चालते. पॉलिस्टरवर ती चालतच नाही. त्याला बोळेही येतात, पण ते सुतासारखं झिजत नाही. शिवाय ते स्वस्त, टिकाऊ, लवकर वाळणारं. शेतात राबणाऱ्या बाईनं ते नेसलं म्हणून तिला दोष देण्यात अर्थ नाही. याच तालुक्यात बोरगावला रेमंडचा मोठा कारखाना सुटिंग काढतो. कापड तालुक्यात भरपूर आहे, गोधडीचं तेवढं नाही.

जे थोडं सुती उरतं, ते भांडेवाली नेते. चार साड्यांवर स्टीलचा डबा मिळतो, आणि घरात डबा लागतोच. दुसरीकडे, देशोदेशीच्या लोकरी चिंध्या पानिपतच्या कारखान्यांत पिंजल्या जातात आणि स्वस्त ब्लँकेट होऊन बाजारात येतात. गोधडी भिजली की दोन बायांना पिळावी लागते, पावसाळ्यात वाळत नाही. ब्लँकेट एका हातानं दोरीवर पडतं. तरुण सुनेला बारा हजार टाके का घालावेत हे पटवून देणं सोपं नाही, आणि मी तो प्रयत्न केला नाही.

उपाय सुचवणारे लगेच प्रशिक्षण आणि बाजारपेठ म्हणतात. बाजार आहे. गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर देखणं पुस्तक केलं. पुण्या-मुंबईच्या दुकानांत गोधडी चांगल्या दरानं विकली जाते. बिहारच्या सुजनीला, म्हणजे तिथल्या गोधडीसारख्या शिवणकामाला, भौगोलिक मानांकन मिळालं, आणि ती शिवणाऱ्या मुझफ्फरपूरजवळच्या भुसुरा गावच्या निर्मला देवींना 2025 साली पद्मश्री मिळाली. पण बाजारासाठी शिवलेलं काम बहुधा नव्या कापडावर होतं, कारण एकसारखा माल मोठ्या संख्येनं हवा असतो आणि जुनी लुगडी एकसारखी नसतात. नव्या कापडावर टाका सुबक येतो. थर मात्र ताठ राहतात, लहर उठत नाही. हात वाचतो, वस्तू बदलते.

म्हणून सौंसर-पांढुर्ण्यात कुणाला खरंच काही करायचं असेल, बचत गटाला असो की नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाला, तर सुरुवात सुईपासून करू नये. शिवणारे हात अजून गल्लोगल्ली आहेत. जुनं सुती कापड भांडेवालीच्या आधी विकत घ्यावं, किलोवर, रोख पैसे देऊन. सुती वेगळं, मिश्र वेगळं निवडावं. आणि घालणाऱ्या बाईला टाक्यांच्या हिशेबानं मजुरी द्यावी. दर ठरवायला आजींचा साधा हिशेब पुरेसा आहे: भर उन्हाळ्यात दुसऱ्याच्या शेतात दिवसाला जेवढं मिळतं, त्यापेक्षा ओसरीवर कमी मिळालं, तर बाई शेतात जाईल.