दिवसभर एका रेषेमागे

सकाळी ८.००
आमची प्रयोगशाळा इंग्लंडमधल्या एका विद्यापीठाच्या तळघरात आहे. रस्त्यावरची थरथर इथवर कमी पोचते. आल्याबरोबर लेझर चालू करते आणि तासभर त्याला हात लावत नाही. तो तापून स्थिर झाल्याशिवाय त्याच्या तरंगलांबीवर विश्वास ठेवता येत नाही.

८.२०
तेवढ्या वेळात उद्याच्या मोजणीसाठीची काचेची गोळी करून ठेवते. ऑप्टिकल फायबरचं प्लॅस्टिकचं आवरण सोलायचं, काच पुसायची आणि तिचं टोक कार्बन डायऑक्साइड लेझरच्या झोतात धरायचं. काच वितळते आणि पृष्ठताण तिला आपोआप गोल करतो. सुमारे १०० मायक्रॉन व्यासाची, म्हणजे जाड केसाएवढी गोळी तयार होते. घासून-पॉलिश करून असा गुळगुळीतपणा येत नाही. आजची गोळी काल झाली. प्रथिनं तिच्यावर नीट बसावीत म्हणून सिलेन लावून ठेवली आहे.

१०.००
हायड्रोजनच्या ज्योतीवर दुसरं फायबर दोन्ही बाजूंनी हळूहळू ताणायचं. १२५ मायक्रॉनचा तंतू मध्यभागी एक मायक्रॉनच्या आसपास आला की थांबायचं. इतक्या बारीक तंतूतला प्रकाश थोडासा काचेबाहेरूनही चालतो. आम्हाला तोच हवा असतो. या वेळी खोलीचं दार कोणी उघडत नाही.

११.१५
तंतू गोळीजवळ नेला. ७८० नॅनोमीटरच्या आसपास लेझरची तरंगलांबी सरकवत गेलं की पडद्यावर तंतूतल्या प्रकाशाच्या सरळ रेषेत एका जागी खोल खड्डा पडतो. त्या तरंगलांबीचा प्रकाश गोळीत शिरला आणि आतल्या कडेने फिरू लागला. एका फेरीत तरंगांची पूर्ण संख्या बसली तरच हा अनुनाद होतो.

सोलापूरहून आलेली आमची ज्युनिअर शेजारी उभी होती. तिला म्हटलं, "शाळेच्या सहलीत गोलघुमटला गेली असशील ना?"

"गेले होते ना ताई. भिंतीला तोंड लावून कुजबुजलं की पलीकडच्या मैत्रिणीला ऐकू जायचं."

तेच हे. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधला आवाज भिंतीला धरून कसा जातो, ते लॉर्ड रॅले यांनी उलगडलं. १९२१ साली सी. व्ही. रामन यांनीही त्याच घुमटाखाली प्रयोग केले. आमच्याकडे आवाजाच्या जागी प्रकाश आहे. आजच्या गोळीचा क्यू-फॅक्टर सुमारे एक कोटी निघाला. म्हणजे विरून जाण्याआधी प्रकाश अडीच हजारांहून जास्त फेऱ्या मारतो. पृष्ठभागावर बसलेला रेणू त्याला प्रत्येक फेरीत भेटतो. या तंत्राची सगळी ताकद या पुन्हा पुन्हा होणाऱ्या भेटीत आहे.

१२.१०
गोळीभोवती बफर सोडला आणि खड्ड्याची जागा स्थिर व्हायची वाट पाहिली. एक अंश तापमान वाढलं तर अनुनाद सुमारे पाच पिकोमीटर सरकतो, आणि खड्ड्याची रुंदी पिकोमीटरच्या दहाव्या भागाहून कमी आहे. त्यामुळे अंशाचा शंभरावा भागही इथे मोठा ठरतो. टेबलाजवळ माणसंसुद्धा मोजकीच उभी राहतात.

१.००
जेवण.

१.४०
बायोटिन नावाचा छोटा रेणू जोडलेलं बोव्हाइन सीरम अल्ब्युमिन सोडलं. हे गायीच्या रक्तद्रवातलं प्रथिन. पाण्याचा अपवर्तनांक १.३३ आणि प्रथिनाचा त्याहून जास्त. त्याचा थर बसला की गोळी प्रकाशाच्या दृष्टीने किंचित मोठी होते आणि अनुनाद लांब तरंगलांबीकडे सरकतो. काही मिनिटांत खड्ड्याच्या जागेची रेषा तीसेक पिकोमीटर वर गेली आणि सपाट झाली. हायड्रोजनचा अणू सुमारे १०० पिकोमीटर रुंद असतो, म्हणजे सगळं सरकणं एका अणूपेक्षाही कमी. रेणूला ना रंग लावला, ना चमकणारं लेबल. तो जसा आहे तसा मोजला गेला. मला या कामाचं खरं आकर्षण याचंच आहे.

२.४०
आता माझ्या मते दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं काम. स्ट्रेप्टाव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला घट्ट धरतं आणि त्यासाठी त्याच्याकडे चार जागा असतात. त्या चारही जागा सुट्या बायोटिनने आधीच भरून टाकल्या आणि ते स्ट्रेप्टाव्हिडिन गोळीवर सोडलं. रेषा हलता कामा नये. ती जवळजवळ हललीच नाही.

ज्युनिअरने विचारलं, "काहीच झालं नाही, तर एवढा वेळ कशाला द्यायचा?" कारण गोळीला फक्त 'काहीतरी बसलं' एवढंच कळतं. कोण बसलं ते तिला ठाऊक नसतं. ओळख पटवायचं काम पृष्ठभागावरच्या रसायनाचं आहे. ते रसायन परक्याला नाकारतं हे आधी दिसलं नाही, तर पुढचा सुंदर आलेख मला कुणाला दाखवावासा वाटणार नाही. रक्ताच्या एका थेंबातून झटपट निदानाच्या बातम्या वाचताना मी पहिल्यांदा हाच आलेख शोधते. रक्तात चिकटायला टपलेली प्रथिनं अफाट असतात.

३.३०
मोकळ्या जागांचं स्ट्रेप्टाव्हिडिन सोडलं. रेषा लगेच चढली. फ्रँक व्हॉल्मर, स्टीफन अर्नॉल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली हीच जोडी काचेच्या गोळीवर मोजून दाखवली होती. २००८ मध्ये इन्फ्लुएन्झा ए विषाणूचा एकेक कण बसताना आलेखात पायरी दिसली. २०१४ मध्ये व्हॉल्मर यांच्या गटाने गोळीवर सोन्याच्या नॅनोकांड्या बसवून डीएनएच्या एकेका रेणूची ये-जा टिपली. आमचे रेणू विषाणूएवढे मोठे नाहीत आणि गोळीवर सोनंही नाही, म्हणून आम्हाला पायऱ्या न दिसता गुळगुळीत चढ दिसतो.

५.१५
आज रात्री पिकोमोलर पातळीवरचं द्रावण लावायचं आहे. इथे अडचण वेगळी आहे. गोळी पुरेशी संवेदनशील आहे, पण इतक्या विरळ द्रावणात रेणू तिच्यापर्यंत पोचायलाच तास लागतात. संवेदक जितका लहान तितकी ही वाट लांब. प्रवाह वाढवला तरी फायदा मर्यादितच होतो. संवेदनशीलतेच्या आकड्यांची शर्यत जोरात चालते, पण 'किती वेळात' हा आकडा शेजारी छापला तरच तो दवाखान्याच्या कामाचा.

६.३०
पंप सुरू केला, तापमानाची नोंद आलेखाला जोडली. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या गोळीवरून नुसता बफर वाहतो आहे. ज्युनिअर रात्री अकराला घरून आलेख बघेल, पहाटे पाचला मी. दोन्ही रेषा सारख्याच सरकल्या असतील तर ती उष्णता, आणि रात्रीची नोंद बाजूला काढायची. पहिलीच एकटी चढली असेल तर उद्या सकाळची गोळी याच द्रावणासाठी वापरायची, जागा भरलेल्या स्ट्रेप्टाव्हिडिनपासून सुरुवात करून.